आकलन नाही, असा शेरा

त्या सकाळी बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी ओट्यापाशी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. सुरी हातातून पडली. उचलायला वाकले, तर उजवा हात आलाच नाही. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी उत्तर दिलं. म्हणजे मला तसं वाटलं. त्याचा चेहरा बघून कळलं, की तोंडातून बाहेर पडले ते शब्द नव्हते.

मी मेंदूवर संशोधन करणारी बाई. माणसाची वाचा मेंदूत कुठे असते आणि ती गेली की काय होतं, हाच माझा वीस वर्षांचा विषय. त्यामुळे जमिनीवर बसता बसता निदानही माझं मीच केलं. अर्धांगवायूचा झटका, मेंदूची डावी बाजू. घाबरलात का, असं लोक अजून विचारतात. नाही घाबरले. दुसऱ्या कुणाचा तरी अहवाल वाचावा तसं वाटलं.

हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा मला सगळं समजत होतं, पण बोलता येत नव्हतं. मुलगी नुकतीच हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. एकदा ऑफिसची बस यायच्या आधी ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली. मला ऐकू येत होतं. माझ्या आत काही हललं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं.

दिवसभर माझ्याजवळ बसायला बाबा आले. ते खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे संध्याकाळी वंदना होते. त्याप्रमाणे बाबांनी बुद्धांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि सुरुवात केली. "बुद्धं सरणं गच्छामि" माझ्याही तोंडून आलं. पुढच्या ओळीही आल्या, सगळ्या, स्वच्छ.

"बोलली! माझी पोरगी बोलली!" बाबा नवऱ्याला सांगायला धावले.

हे बोलणं नव्हे, हे मला माहीत होतं. लहानपणापासून पाठ असलेलं मेंदूत वेगळं जपलेलं असतं, असं मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवत आले होते. ते बाबांना सांगता आलं नाही, हे बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अप्पा बळवंत चौकातून अंकलिपी आणली. ते स्वतः लिहायला शिकले ते नोकरीला लागल्यावर, प्रौढांच्या वर्गात. मला शिकवताना "सोपं आहे" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. 'क' वर बोट ठेवायचे आणि थांबायचे. कधी कधी पाच मिनिटं.

दोन महिन्यांनी माझी विद्यार्थिनी वाचेच्या चाचणीची चित्रकार्डं घेऊन आली. ती चित्रं मीच निवडलेली. एका चित्राला दहा सेकंद, हा नियमही माझाच. पहिलं चित्र कंगव्याचं. कंगवा दिसत होता, त्याचे दात डोक्याला जाणवत होते. मी म्हणाले, "चावी."

"मॅडम, रागावू नका हं. पुढचं घेऊ?"

पाचव्या चित्राला मी भिंतीकडे तोंड फिरवलं. ती घुटमळली, मग कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते न बघताही मला कळलं. 'सहकार्य नाही.' मीच शिकवलं होतं.

तेव्हा मला हिंजवडीचे एक शेतकरी आजोबा आठवले. त्यांचीही वाचा गेली होती, आणि चार वर्षांपूर्वी याच चाचणीत ते असेच भिंतीकडे वळले होते. मी 'सहकार्य नाही' लिहिलं, आणि पुढे 'आकलन नाही'. बाहेर येऊन त्यांच्या सुनेला सांगितलं, "त्यांना आता काही कळत नाही. तुम्ही त्रास करून घेऊ नका." चांगल्या मनाने सांगितलं होतं.

मला तुटक वाक्यं जमायला दीड वर्ष लागलं. मग जुन्या फायलीतून पत्ता काढला आणि सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन हिंजवडीला गेले. फायलीत शेत लिहिलेलं होतं. तिथे आता तीन मजली इमारत होती, आणि वरच्या खोल्यांत कंपन्यांमधली भाडेकरू मुलं. तळमजल्यावर आजोबा खुर्चीत बसले होते. समोर टीव्ही मोठ्याने चालू होता.

सुनेने मला ओळखलं. "तुमीच ना त्या बाई? तुमीच सांगितलं व्हतं, कळत न्हाई म्हून. आता बी तसंच हाय. शिव्या तेवढ्या देत्यात."

मी काठी बाजूला ठेवून त्यांच्यासमोर बसले. "बाबा... मी चुकले. तुम्हाला... कळत होतं."

त्यांनी माझ्या लुळ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि एक खणखणीत शिवी हासडली. इथे लिहिण्यासारखी नाही. सून ओशाळली. मला हसू आलं, आजारपणानंतर पहिल्यांदा.

"खिडकी... लावू का?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली, नको. "टीव्ही... बंद?"

त्यांनी इतक्या जोरात होकार दिला की खुर्ची करकरली.

सुनेने टीव्ही बंद केला. "पाच वर्सं म्या ह्यांच्यासाठीच लावतीय," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून खालीच बसली. "मामंजी, म्हंजी तुमाला समदं..."

आजोबांनी डोळे मिटले. खोलीत पहिल्यांदाच शांतता झाली. त्या शांततेत मला काय वाटायला हवं होतं कुणास ठाऊक. मी फक्त बसून राहिले.

त्यानंतर महिन्यातून एकदा तरी मी जात राहिले. त्यांची वाचा परत आली नाही, पण घरचे त्यांना विचारू लागले. भाजी कुठली, दाढी आज की उद्या. एकदा त्यांनी खुणेने बाहेर न्यायला सांगितलं. मुलाने त्यांना त्यांच्या जुन्या बांधाच्या जागी नेलं. तिथल्या काचेच्या इमारतीकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि चला, अशी खूण केली. इकडे कामावर परतल्यावर आमच्या चाचणीच्या कागदावरचा 'आकलन नाही' हा रकाना मी काढून टाकला. कार्डं उघडण्याआधी अर्धा तास नुसतं बसायचं, हो-नाही विचारायचं, असा नियम केला. विद्यार्थी कुरकुरले, पण बसू लागले.

दोन वर्षांनी सुनेचा फोन आला. आजोबा गेले होते. नातवाचं लग्न त्यांना विचारूनच ठरवलं, एवढं तिने आवर्जून सांगितलं. मी फोन ठेवल्यावर मुलीने विचारलं, "आई, वाईट वाटतंय का तुला?"

"बघते," मी म्हणाले. खरंच आत बघितलं. काही सापडलं नाही.

दहाव्याला मी गेले. बायकांमध्ये बसले असताना एका म्हातारीने विचारलं, "तुमी कोन लागता यांच्या?" मी शब्द शोधत राहिले. तेवढ्यात चहा आला आणि तिचा प्रश्न तसाच राहून गेला.