इकडचा गळपट्टा

सगुणाकाकू सुपारी खात नसत, पण अडकित्ता सदा त्यांच्या मांडीशी असायचा. तो मणी फोडायला. मण्यांचं विणकाम करायचं तर सगळे मणी आधीच लोकरीत ओवून घ्यावे लागतात, तेही उलटे. जो मणी शेवटी लागणार तो पहिला. मध्येच चुकीचा रंग आला, तर तो काढता येत नाही. काकू त्या मण्यावर अडकित्ता दाबत, काचेचा चुरा झटकत आणि पुढचा टाका घालत. "आधी शेवट ओवायचा, मग सुरुवात विणायची," असं त्या मला शिकवताना म्हणत. मी शेजारच्या घरात आलेली नवी सून. माझ्या हातून नक्षीपेक्षा चुराच जास्त व्हायचा.

नमुन्यांचं पुस्तक इंग्रजी होतं. ठाण्यात कोणा साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा काकूंच्या यजमानांनी ते आणलं होतं. त्यातलं अक्षर काकूंना येत नव्हतं. चौकटी मोजून त्या नक्षी उचलत. द्राक्षांच्या घडांचं पान यजमानांच्या फार आवडीचं. त्यांना थंडीत खोकला होई, म्हणून त्या नक्षीचा गळपट्टा काकूंनी विणायला घेतला. तो अर्धाही झाला नव्हता, तोच ते कचेरीच्या कामाला मचव्याने भिवंडीकडे निघाले, ते परत आलेच नाहीत. उलटलेला मचवा बाळकुमच्या कोळ्यांना सापडला. देह सापडला नाही.

मी सासरी आले तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. पुरा झालेला गळपट्टा खुंटीला टांगलेला होता आणि काकूंच्या कपाळी कुंकू होतं. संध्याकाळी माझ्यासोबत काहीबाही विणताना त्या मध्येच सुया थांबवून खाडीकडे कान देत आणि हळूच विचारत, खोकल्याचा आवाज आला का गं? मला भीती वाटायची. खरं सांगायचं तर पुढेपुढे मलाही तो आवाज येऊ लागला, म्हणून मी दिवेलागणीच्या आतच घरी पळायची. घराच्या दाराला त्या कधी कडी लावू देत नसत. इकडून येणं झालं आणि दार बंद असलं तर, ही त्यांची धास्ती.

बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं शास्त्र. मग बायको विधवा. काकूंचे दीर धोंडोपंत मायाळू होते, पण भाऊ गतीवाचून भटकतोय या विचाराने त्यांना अन्न जाईना. काकूंनी आधी नको म्हटलं, मग हात जोडले, शेवटी बोलणंच टाकलं. पुतळा झाला. निघताना धोंडोपंतांनी खुंटीवरचा गळपट्टा काढून पुतळ्याच्या गळ्यात घातला. वहिनींना तेवढंच बरं वाटेल, असं त्या भल्या माणसाला वाटलं. आगीत मणी किती वेळ तडतडत होते, ते माझ्या सासऱ्यांनी आल्यावर सांगितलं.

काकूंचं मंगळसूत्र उतरलं, केस उतरले. सुतक फिटल्यावर मी धीर करून भेटायला गेले. लाल आलवणाचा पदर डोक्यावरून घेऊन त्या बसल्या होत्या. पुढ्यात ते पुस्तक उघडं होतं आणि त्या मणी ओवत होत्या. मला रडू आवरेना. एवढा सुरेख गळपट्टा जळाला हो काकू, एवढंच मला म्हणता आलं.

त्यांनी मान वर केली नाही.

"तो पुतळ्याचा झाला," त्या म्हणाल्या. "इकडचा राहिलाच की."