तेलगाव ते औरंगाबाद : गेमचा कॉम्प्युटर आणायला बैलबाजारातल्या मामासोबत

नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझी बारावी झालेली आणि डोक्यात एकच खूळ: गाड्यांच्या शर्यतीचा गेम चालेल असा कॉम्प्युटर, तोही एकेक पार्ट स्वतः निवडून. तयार घेणं परवडणारच नव्हतं. तेलगावात आमचं किराणा दुकान. तिथल्या हिशोबाचं गाजर दाखवून मी वडिलांना, म्हणजे अप्पांना, पटवलं. त्यांनी अट घातली, "आणल्या दिवशीच चालू झालं तर ठिवायचं. न्हाई तर सकाळच्या एसटीनं परत. त्या पैशात फ्रीज यील." सोबतीला नांदूरघाटचा मामा. तो जनावरांच्या बाजारात सौदे जमवायचा, त्यामुळे त्याला कोणी फसवणार नाही अशी आईची खात्री.

पहाटेची एसटी, वडवणीवरून बीड, पुढे गेवराई. मागची सीट घेऊ नका, तिथे माणूस बसत नाही, नुसता उडतो. गेवराईच्या स्टँडवर भजी चहाच्या आधी घ्या, नंतर गार मिळतात. शहागडच्या पुलावरून मामानं गोदामाईला नाणं वाहिलं आणि मी मनात ग्राफिक्स कार्ड मागून घेतलं.

गेमची चित्रं पळतात ती या कार्डावर. औरंगाबादचा कॉम्प्युटर-दुकानदार मात्र म्हणाला, "ताई, कार्ड सोडा, मोठा मॉनिटर घ्या, घरात शोभतो." शोभा गेली खड्ड्यात. मी मॉनिटर चौदा इंची घेतला, हार्ड डिस्क लहान, प्रोसेसर मागच्या वर्षीचा, पण कार्ड घेतलंच. बजेट कमी असेल तर तुम्हीही हेच करा.

"आता जोडून पळवून दाव," मामा म्हणाला. "पळवल्याबिगर आमी दाम देत न्हाई."

"काका, हा बैल नाही."

"म्हणून तर. बैलाचे दात तरी बघता येत्यात."

बिचाऱ्यानं सगळं जोडलं, गेम लावला. गाडी वळणावर अशी झुकली की मी दुकानातच नाचायची बाकी होते. मग मामानं बैलबाजारातल्या रीतीनं दुकानदाराच्या हातावर उपरणं टाकलं आणि खालून बोटं दाबत भाव सुरू केला. त्याला ओ की ठो कळेना. घाबरून त्यानं दाम उतरवले, वर माऊस फुकट दिला.

परतीला मॉनिटर माझ्या मांडीवर. शेजारच्या मावशींनी विचारलं, "टीव्ही का गं?"

"कॉम्प्युटर."

"ह्यात शिरेल दिसती का?"

"न्हाई."

"मग कावून आणला?"

"शर्यत लावाय," मामानं सांगून टाकलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली. आईनं कॅबिनेटला, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्याला, भस्माचे पट्टे ओढले. मी सगळं जोडलं आणि बघते तर कॅबिनेटची वीज-वायरच नाही.

"ती काळी वायर व्हय?" मामा शांतपणे म्हणाला. "ती त्याची त्याला दिली. जनावर इकलं तरी दावं मालकाकडंच ऱ्हातंय. नेलं तर त्याच्या गोठ्याची बरकत जाती."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. अप्पा एवढंच म्हणाले, "सकाळची एसटी हाय."

मी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे पळाले. त्याच्या मशीनच्या पाठीला तसलीच काळी वायर मी कितीदा पाहिलेली. तो शटर ओढत होता. "ने, पण सकाळी दुकान उघडायच्या आत आण," तो म्हणाला. "न्हाई तर सातबाऱ्याच्या झेरॉक्सला आलेली मानसं मला फाडून खात्याल."

वायर बसली. पडदा उजळला, गाड्या सुटल्या. अप्पा मागे येऊन उभे राहिले, मग म्हणाले, "सरक जरा."

त्यांनी पहिली गाडी भिंतीवर घातली, दुसरीही. तिसऱ्या वेळी वळण साधलं आणि ते पोरासारखे हसले. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अप्पा, पावशेर साखर द्या."

आत्याच्या लग्नातही अर्धं दुकान उघडं ठेवणारे आमचे अप्पा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "दुकान बंद हाय."

ते सगळे पार्ट केव्हाच भंगारात गेले. पण अप्पांना खेळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या प्रवासातून माझ्याकडे राहिलं ते एवढंच. माझा नंबर जेवणं झाल्यावर लागला.