एकोणीस पावलं

तिसऱ्या दिवशीही ती खुंटी जागेवर नव्हती.

मी सर्व्हेअर आहे. गेली सव्वीस वर्षं रस्त्यांच्या ठेकेदारांसाठी मोजणी करतो. कागदावरचा रस्ता जमिनीवर नेमका कुठून जाणार, हे दाखवायला आम्ही सळीच्या खुंट्या ठोकतो आणि त्यांच्या डोक्याला लाल रंग लावतो. त्या रांगेवरून मागून पोकलेन नाली खोदत येते. खुंटी चुकली तर नाली चुकते, आणि जाब सर्व्हेअरला विचारतात.

हे काम वडनेरपासून आत, एका गावाच्या रस्त्याचं होतं. जुना रस्ता रुंद करायचा होता. जिथून काम सुरू होतं तिथपासूनच्या अंतराला आम्ही चेनेज म्हणतो. गायब होणारी खुंटी चार किलोमीटर तीनशे वीस मीटरच्या चेनेजवर होती. पोकलेन त्या सोमवारी चारशे मीटर मागे होती आणि दिवसाला दीडशे मीटर पुढे सरकत होती.

शेतकऱ्याचा काही वाद असेल असं मला वाटलं. रस्त्याची कागदावरची रुंदी नेहमी जास्त असते. वर्षानुवर्षं बाजूची शेतं त्या जागेत थोडी थोडी सरकलेली असतात. मग खुंटी शेतात आली की माणूस चिडतो. चिडणारच. म्हणून मी मंगळवारची वाट न पाहता नवी खुंटी ठोकली आणि गाडी पुढे लावून बसून राहिलो.

अर्ध्या तासात एक म्हातारी बाई आली. नऊवारी, हातात पाण्याचा तांब्या. तांब्या खाली ठेवला, दोन्ही हातांनी सळी हलवून हलवून काढली आणि बाजूला नीट आडवी ठेवली. फेकली नाही. मग तांब्यातलं पाणी त्या भोकापाशी ओतलं.

मी जवळ जाऊन विचारलं, मावशी, खुंटी का काढता. ती घाबरली नाही. म्हणाली, "इथं लोखंड नका ठोकू, भाऊ. इथं माझी पोरगी हाये."

तिचं नाव अंजनाबाई. पुढचं तिने धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून सांगितलं. मधेमधे थांबत, पण न रडता. लग्नानंतर वर्षभरात तिला पहिली मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. या गोष्टीला पंचेचाळीस वर्षं झाली. इतकं तान्हं मूल आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. तेव्हा बाया सोबत जात नसत. नवरा सकाळी बाळाला हातांवर घेऊन शेतात गेला, दुपारी परत आला, आंघोळ केली आणि ओसरीत पडून राहिला. कितीतरी दिवसांनी तिने विचारलं तेव्हा त्याने एकदाच सांगितलं: शिवेच्या दगडापासून विहिरीकडे धुऱ्याधुऱ्यानं एकोणीस पावलं, बाभळीच्या बुडाशी. त्यानंतर दोघांत तो विषय निघाला नाही.

शेतात डबा घेऊन आली की ती त्या बाभळीच्या बुडाशी तांब्याभर पाणी टाकायची. काही वर्षांनी वादळात बाभूळ पडली. नंतर तो धुरा नांगरात गेला, शिवेचा दगडही कधीतरी कुणी उपटून नेला. ती अंदाजाने पाणी टाकत राहिली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती.

"तुमच्या त्या मशीनीतून दिसते का खालचं?" तिने विचारलं.

मी सांगितलं की टोटल स्टेशनला, म्हणजे आमच्या मोजणीच्या मशीनला, जमिनीखालचं काही दिसत नाही. ते फक्त अंतर आणि कोन मोजतं. ती म्हणाली, "मंग अंतरच मोजून द्या. एकोणीस पावलं हायेत, मी सांगतलं न."

मी हो म्हणून बसलो. सव्वीस वर्षांत इतक्या घाईने मी कशाला हो म्हटलं नव्हतं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की पावलं जिथून मोजायची तो दगडच नाही, आणि बुधवारी दुपारपर्यंत पोकलेन तिथे येणार आहे.

दगड नसला तरी त्याची जागा कागदावर असते. प्रत्येक शेताची जुनी मोजणी टिपण नावाच्या कागदावर असते. कोणत्या दगडापासून कोणता दगड किती लांब, ते त्यात साखळी आणि आण्यांत लिहिलेलं असतं. एक साखळी म्हणजे तेहतीस फूट, आणि तिचे सोळा आणे. अंजनाबाईंच्या शेताच्या दुसऱ्या दोन कोपऱ्यांचे दगड अजून जागेवर होते. दोन दगड आणि दोन अंतरं मिळाली की तिसऱ्या दगडाची जागा काढता येते. शाळेत कंपासने त्रिकोण काढतात, तसंच.

टिपणाची झेरॉक्स आमच्या साइट ऑफिसच्या फाइलमध्ये होती. ती मी लगेच काढून पाहिली. एका अंतरातला आण्याचा आकडा पुसट होता. तीन असेल किंवा आठ. पाच आण्यांचा फरक म्हणजे दहा फूट. दहा फुटांत ते बाळ नालीत येऊ शकत होतं, शेतात जाऊ शकत होतं किंवा थेट डांबराखाली.

मंगळवारी सकाळी मी हिंगणघाटला भूमी अभिलेख कार्यालयात मूळ कागद बघायला गेलो. अर्ज दिला. साहेब मोजणीला गेले होते, रेकॉर्डची किल्ली दुसऱ्याकडे होती. मी बाकावर बसून दर दहा मिनिटांनी पोकलेनच्या ऑपरेटरला फोन करत होतो, कुठवर आलास म्हणून. तिसऱ्या फोनला त्याने विचारलं, साहेब, माझं काही चुकलं का. एकच्या सुमारास कागद हातात आला. कपड्यावर चिकटवलेला, कडा कुरतडलेल्या. मी भिंग लावून बघितलं. तीन होता. तिथल्या बाईंनाही दाखवलं, त्याही तीनच म्हणाल्या. प्रत घेतली आणि निघालो.

परत आलो तर अंजनाबाईंसोबत तिचा मुलगा प्रमोद उभा होता. चाळिशी ओलांडलेला. देवळीला कृषी केंद्रात नोकरी करतो, आईने फोन करून बोलावलं म्हणून सुट्टी टाकून आला होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिने आत्ताच त्याला सांगितलं आहे. आपल्या आधी एक बहीण होती हे त्या माणसाला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

"मले काऊन नाई सांगतलं आजवर?" तो आईला विचारत होता.

"कोणाच्या तोंडून सांगू? तिचं नावही ठेवाचं राह्यलं होतं," ती म्हणाली.

बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं. प्रमोद माझ्याकडे वळला. मला म्हणाला, सर, काय करायचं ते सांगा.

मी मशीन लावून दगडाची जागा काढली आणि तिथे चुन्याची खूण केली. मग प्रश्न आला पावलांचा. पाऊल हे काही माप नव्हे. प्रत्येकाचं वेगळं. अंजनाबाई म्हणाल्या की प्रमोद बापाच्या अंगकाठीचा आहे, असलाच तर बोटभर उंच. म्हणून मी त्यालाच विहिरीच्या दिशेने एकोणीस पावलं चालायला लावलं आणि टेपने मोजलं. तीनदा चालवलं. चौदा मीटरच्या आसपास आलं, दर वेळी थोडं कमीजास्त.

मी वहीत सरासरी लिहीत होतो तेव्हा अंजनाबाई हळूच म्हणाल्या, "ते असे रिकाम्या हातानं नव्हते गेले."

प्रमोदने माझ्याकडे पाहिलं. मग तो परत चुन्याच्या खुणेवर जाऊन उभा राहिला. दोन्ही हात छातीशी घेतले आणि हळू चालत आला. या वेळी तेरा मीटर वीस सेंटिमीटर भरलं. मी आधीची तिन्ही मापं खोडली आणि हे धरलं.

आता नाली कुठून जाते ते मांडून बघितलं. तीन मीटर रुंद नालीच्या शेताकडच्या काठापासून तो बिंदू एक मीटर आत येत होता.

त्या दोघांना मी लगेच काही सांगितलं नाही. हिशेब तपासतो, उद्या सकाळी सांगतो म्हणालो. हिशेब तपासून झाला होता. संध्याकाळी प्रोजेक्ट मॅनेजरला फोन करून सगळं सांगितलं आणि नाली तेवढ्या जागी दोन मीटर सरकवता येईल का विचारलं. माणूस वाईट नाही. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, ड्रॉइंग बदलायला तीन सह्या लागतात आणि दोन आठवडे. मशीन एवढे दिवस उभी ठेवता येत नाही. मग म्हणाला, "तुम्ही खुंटी शेतात दोन मीटर आत ठोका ना. सांगा की इथंच आहे. तिला समाधान, आपलं काम चालू. खाली काय आहे हे तुम्हालाही माहीत नाही."

त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून ते मला टोचलं. जुन्या दगडाच्या जागेत फूट-दोन फुटांची चूक असू शकत होती. पावलांत तेवढीच. चुकीची मर्यादा मी दीड मीटर धरली होती. म्हणजे दोन मीटरचं खोटं त्या मर्यादेच्या जेमतेम अर्धा मीटर बाहेर होतं.

बुधवारी सकाळी सात वाजता मी तिथे पोचलो. अंजनाबाई आणि प्रमोद अजून आले नव्हते. पोकलेनचा आवाज ऐकू येत होता, शंभर मीटरवर होती. मी खुंटी आणि हातोडा घेऊन शेतात दोन मीटर आत जाऊन उभा राहिलो. खुंटी टेकवलीही. आयुष्यात मी पुष्कळ खुंट्या ठोकल्या, त्यातल्या काही चुकल्या असतील. पण चूक आहे हे माहीत असून एकही ठोकली नव्हती. मी तशीच धरून उभा होतो, तेवढ्यात दोघं मायलेक पांदणीच्या वाटेने येताना दिसली. मी खुंटी उचलली.

अंजनाबाईंना सगळं सांगितलं. मावशी, माझ्या मापाने ती नालीच्या आत येते. नाली हलवता येत नाही. आणि हेही नेमकं नाही. इकडे तिकडे दीड मीटर, एवढ्या गोलात कुठेतरी. याहून बारीक मला सांगता येत नाही. बोलताना मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

प्रमोद माझ्यावर चिडला. मग नाली इथूनच काऊन, म्हणाला. तिने त्याला हाताने थांबवलं.

"आजवर मी साऱ्या वावरात पाणी टाकून राह्यली होती," ती म्हणाली. "यानं गोल तरी दाखवला."

मी चुन्याने दीड मीटर त्रिज्येचा गोल आखला. ठरलं असं, की पोकलेन तिथे पोचायच्या आत तेवढी जागा हाताने खोदायची आणि जी माती निघेल ती रस्त्याच्या हद्दीबाहेर शेतात न्यायची. तीन मजूर कुदळ-फावडी घेऊन लागले, प्रमोदही उतरला. मी ऑपरेटरला थांबायला सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही, इंजिन बंद केलं. मॅनेजरचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. नालीचं काम थांबवण्याचा अधिकार मला नसतो.

एक फूट गेलं. दीड फूट गेलं. काळी माती, मुळ्या, कुठे एखाद-दुसरी खडी. पंचेचाळीस वर्षांनी नऊ दिवसांच्या बाळाचं त्या मातीत काही उरत नाही, हे मला माहीत होतं आणि मी ते बोललो नव्हतो. गोलाचा अर्ध्याहून जास्त भाग खोदून झाला तरी काही नव्हतं. मॅनेजरचा तिसरा फोन वाजत होता. मी विचार करत होतो की तीन ऐवजी आठच असेल तर.

मग रस्त्याच्या बाजूला, अगदी चुन्याच्या रेषेवर, कुदळ दगडाला लागली. आमच्याकडच्या काळ्या मातीत दोन फुटांवर दगड नसतो. प्रमोदने हातांनी माती बाजूला केली. चपटा, एका बाजूने तुटलेला, वरून टाकी मारलेला दगड निघाला.

अंजनाबाई काठावर खाली बसल्या.

"हा आमचा पाटा," ती म्हणाली. "त्या साली घरातून दिसेनासा झाला. सासू म्हणे, कोणीतरी चोरून नेला. महिनाभर शेजारणीशी भांडली."

जनावरांनी उकरू नये म्हणून नवऱ्याने तो बाळावर ठेवला होता. आईला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. घरात त्यावरून भांडण चालू असताना तो गप्प बसला होता.

पाट्याखालची माती अंजनाबाईंनी स्वतः उतरून ओंजळींनी काढली आणि नव्या पांढऱ्या कापडात घेतली. मदत करू दिली नाही. विहिरीजवळ, रस्त्याच्या हद्दीपासून बरंच आत, प्रमोदने खड्डा करून ठेवला होता. तिथे माती ठेवली, वर पाटा ठेवला. त्यावर काही नाव घालायचं का, असं प्रमोदने विचारलं. ती म्हणाली, राहू दे. मग म्हणाली की बापानं ठेवलं असतं तर ठेवलं असतं. आपण आता कशाला.

अकरा वाजता पोकलेन परत सुरू झाली. मॅनेजर साइटवर आला, खड्डा बघितला, मला दोन शब्द सुनावले आणि अर्ध्या दिवसाच्या उशिराचं कारण रिपोर्टमध्ये लिहायला सांगितलं. मी लिहिलं: खोदकामात जुना दगड आढळला, हाताने काढला. त्याने सही केली.

माझं माप जवळजवळ दीड मीटरने चुकलं होतं. शेतात दोन मीटर आत खुंटी ठोकली असती, तर अंजनाबाईंनी उरलेलं आयुष्य तिथे पाणी टाकलं असतं आणि पाटा पोकलेनने काढून भरावात फेकला असता. हे मला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं, मुख्यतः खुंट्या ठोकताना.

आता कुणी मला "नक्की कुठे" असं विचारलं, की मी आधी किती चूक होऊ शकते ते सांगतो आणि मग जागा दाखवतो. पुष्कळ लोकांना ते आवडत नाही. त्यांना वाटतं, या माणसाला काम येत नाही.