काकांचे जोडे आणि माझं ग्रीन कार्ड

देवाच्या दारात जोडे काढण्याच्या बाबतीत माझ्या बायकोच्या काकांइतका कडवा माणूस अमेरिकेत दुसरा उतरला नसेल. शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावातल्या आमच्या दंतवैद्याच्या काउंटरवर इवलासा गणपती दिसला, तर हे मोज्यांवर आत गेले आणि तसेच खुर्चीत पहुडले. टीव्हीवर आरती लागली की सपाता सोफ्याखाली. मी हसलो की म्हणायचे, ‘जावईबापू, आपलं काय जातं?’

न्यूयॉर्कचे दोन मनोरे पडून दोन वर्षं झाली होती आणि माझं ग्रीन कार्ड अगदी तोंडाशी आलं होतं. शिकागोचं जुनं गॉथिक कॅथेड्रल दाखवायला निघालो तेव्हा ट्रेनमध्ये मी काकांना तासभर बजावलं, की पोलिसांच्या नजरेत भरेल असं काही करू नका, माझी फाइल अडकेल. काकांनी मान डोलावली आणि कॅथेड्रलच्या पायरीवर नाड्या सोडायला बसले. इथं कुणी काढत नाही म्हटलं तर म्हणाले, ‘देव आत आहे ना? मग झालं.’ लोक बघायला लागले. लाजेनं मी जोडे आणि चहाचा थर्मास काळ्या पिशवीत कोंबला आणि पिशवी दारालगतच्या दगडी खांबामागे, कुणाला दिसू नये अशी लपवली. ही अक्कल माझी एकट्याची.

आत काका मान वर करून उंच कमानी न्याहाळत होते, टकलावर रंगीत काचांचा उजेड, तेवढ्यात रखवालदार सगळ्यांना बाजूच्या दारानं बाहेर काढायला लागला. खांबामागे बेवारस पिशवी सापडलीय, कुणाची आहे, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. काकांना त्याचं इंग्रजी कळेना. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतोय?

मी म्हणालो, ‘चर्च बंद होतंय.’

रस्त्यावर पिवळी पट्टी, पोलिसांच्या गाड्या आणि बर्फात मोज्यांवर काका. त्यांनी पट्टीपलीकडची पिशवी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो. काका वाकून पट्टीखालून निघाले. पोलीस ओरडला. काका हात वर करून जागीच थांबले, एक पाय बर्फावरून उचललेला.

‘माय शूज,’ ते म्हणाले. ‘गॉड इनसाइड, शूज आउटसाइड.’

मग एका पोलिसानं जपून पिशवी उघडली. जोडे निघाले, थर्मास निघाला. बरोबर कोण आहे, असं विचारल्यावर काकांनी गर्दीकडे वळूनही पाहिलं नाही.

‘अलोन,’ म्हणाले.

उन्हाळ्यात ग्रीन कार्ड आलं. काकांनी हा प्रसंग घरी कधी सांगितला नाही. आता ते नाहीत. मी मात्र पार्टीत तो रंगवून सांगतो, उचललेल्या पायाची नक्कलही करतो. लोक पोट धरून हसतात. त्या वेळी मी कुठे उभा होतो, हे अजून कुणी विचारलेलं नाही.