सोलिजानच्या लेकीचं औषध

मर्गिलान शहरातल्या रेशीमबाजारामागच्या गल्लीत नुसरतुल्लाचा तंदूर होता. छप्पन वर्षांचा हा गडी नानवाला म्हणून जितका नावाजलेला, तितकाच संशयी म्हणूनही. पिठाचं पोतं आलं की आधी शिवण तपासायचा. टाका मूळचा आहे की कुणी उसवून परत घातलाय, हे पाहिल्याशिवाय पोतं आत घेत नसे. मीठ आधी स्वतःच्या जिभेवर, मगच परातीत. बायको खोसियत म्हणायची, "अहो, तुम्ही स्वतःच्या सावलीलासुद्धा विचाराल, कुठं निघालीस म्हणून."

"विचारायलाच हवं," तो म्हणायचा. "कधी कधी ती माझ्याआधी पोचते."

तंदूर जुन्या धाटणीचा, भिंतीत आडवा बसवलेला. तोंड जेमतेम मांडीच्या उंचीवर. हातातल्या गोल गादीवर नान पालथा घ्यायचा, कमरेत वाकून खांद्यापर्यंत आत शिरायचं, वरच्या बाजूला नान थापायचा आणि कान भाजायच्या आत बाहेर यायचं. दिवसाला तीनशे वेळा, आणि तेहतीस वर्षं. कंबर अधूनमधून कुरकुरायची, पण कमरेचं ऐकत बसायला त्याला सवड नव्हती.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तो असाच आत शिरला आणि कमरेत कुणी तापलेली सळई खुपसावी तशी कळ आली. डोकं आत, पाय बाहेर. ना पुढं जाता येईना, ना मागं. हातातला नान राखेत पडला. अकरा वर्षं त्याच्याकडे कणीक मळणाऱ्या तोलिबनं धावत येऊन कमरपट्ट्याला धरलं आणि ओढून काढलं. भुवया तेवढ्या करपल्या.

जमिनीवर आडवा पडल्या पडल्या नुसरतुल्लानं विचारलं, "पायाखालची वीट कुणी हलवली?"

"वीट जागच्या जागी आहे, उस्ता. तुमची कंबर हलली," तोलिब म्हणाला. कसबी कारागिराला तिथं उस्ता म्हणत.

त्या उत्तरानं त्याचं समाधान झालं नाही. घरी आणून झोपवल्यावर तो अंगणातून तंदुराच्या धुराकडं बघत राही. तंदूर आता तोलिब चालवत होता. धूर पातळ दिसला की म्हणे, "ओली लाकडं घालतोय." दाट दिसला की म्हणे, "माझी लाकडं उधळतोय."

चौथ्या दिवशी खोसियतनं हाडवैद्याला बोलावलं. त्यानं नुकत्याच कापलेल्या मेंढीचं कातडं आणलं, आतून हळद, मीठ, मिरी चोळली आणि नुसरतुल्लाला छातीपासून मांडीपर्यंत त्यात गुंडाळलं. वर दोन रजया. तासाभरात त्याला घामाची आंघोळ झाली.

"ही मेंढी आजची नाही," रजईच्या आतून आवाज आला. "वास कालचा आहे."

वैद्य चिडला. "मी कधी तुझा नान हातात धरून विचारलंय का, हा किती वाजताचा म्हणून?"

"विचारायला हवं होतंस. तेवढा तरी विश्वास बसला असता तुझ्यावर."

दोन दिवस ऊब लागून बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी कळ परत आली आणि आता उजव्या पोटरीपर्यंत उतरू लागली. अठरा दिवस तो पाठीवर पडून होता. उठून बसलं तरी घेरी यायची. शेवटी खोसियतनं शेजाऱ्याची गाडी बोलावली आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेलं.

दार उघडलं आणि नुसरतुल्ला उंबऱ्यातच थांबला. खुर्चीत डॉक्टर म्हणून बसली होती मुअत्तर. पाण्याच्या पाटापलीकडच्या सोलिजान नानवाल्याची लेक! सोलिजानला त्यानं वीस वर्षांत सलाम केला नव्हता. नानाच्या मधोमध सुयांच्या ठशानं जी नक्षी टोचतात, ती सोलिजाननं आपली चोरली, असं त्याचं म्हणणं होतं.

"या, उस्ता काका. बसा," मुअत्तर म्हणाली. "नाही, उभेच राहा. जरा चालून दाखवा."

तिनं चालवलं, टाचांवर उभं केलं, झोपवून पाय सरळ वर उचलला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. मग विचारलं, "मांडीच्या आतल्या बाजूला बधिरपणा? लघवी नीट होते?"

नुसरतुल्ला लाल झाला. "माझ्या लघवीशी तुझं काय काम?"

"आहे काम. ती अडली किंवा पाय लुळा पडायला लागला, तर त्याच क्षणी मोठ्या इस्पितळात न्यावं लागतं. तसं काही नाही ना?"

"नाही," तो भिंतीकडं बघून म्हणाला.

"मग घाबरायचं कारण नाही. पण झोपून राहणं आजपासून बंद. रोज चालायचं, आज थोडं, उद्या त्याहून जास्त. या चार गोळ्या जेवणानंतर. हे तीन व्यायाम, सकाळ-संध्याकाळ. आणि सहा आठवडे तंदुरात शिरायचं नाही."

"कमरेचा फोटो?"

"त्याची गरज नाही."

 घरी आल्यावर तो खोसियतला म्हणाला, "बघितलंस? सहा आठवडे! तेवढ्यात माझी सगळी गिऱ्हाइकं पाटापलीकडं. आणि फोटोसुद्धा काढला नाही. शत्रूच्या कमरेवर कोण फिल्म खर्च करतो?"

"अहो, सोन्यासारखी पोर आहे ती."

"सोन्याचीसुद्धा कसोटी लावतात."

ती कसोटी लावायला तो दुसऱ्याच दिवशी निघाला. हातात काठी, दर वीस पावलांवर भिंतीचा आधार. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकाच्या कडेला टेकायचा आणि आतून कुणी पाठ धरून बाहेर आलं की विचारायचा, "काय म्हणाली?" बसचालकाला चालायला सांगितलं होतं. शाळेच्या बाईंनाही चालायला. रेशीम विणणाऱ्या एका बाईला सांगितलं होतं, की मागावरून दर अर्ध्या तासानं उठायचं.

"आणि काम बंद किती आठवडे?" नुसरतुल्लानं विचारलं.

"बंद नाही हो. बेतानं करा म्हणाली."

झालं. म्हणजे काम बंद फक्त त्याचंच. पाच दिवस तो ही चौकशी करत होता. घरापासून दवाखाना जायला-यायला मैलभर. पाचव्या दिवशी भिंतीला हात न लावता परत आल्याचं खोसियतच्या लक्षात आलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्यानं जाणं बंद केलं असतं.

सहाव्या दिवशी सकाळी तो पाट ओलांडून थेट सोलिजानच्या घराशी गेला. आपली गिऱ्हाइकं तिथं दिसतात का, ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. फाटक बंद होतं. फटीला डोळा लावला, तर अंगणात द्राक्षवेलीखाली गादी अंथरलेली आणि तिच्यावर बासष्ट वर्षांचा सोलिजान गुडघ्यांवर आणि तळहातांवर ओणवा. त्यानं पाठ वर फुगवली, मांजर फुगवतं तशी. मग हळूच खाली सोडली. परत वर. तोंडानं मोजत होता.

"फाटकाच्या फटीत काळी टोपी दिसतेय," मान न वळवता सोलिजान म्हणाला. "आत तरी ये, नाही तर फट मोठी करून घे."

पळण्याजोगी कंबर नव्हती. नुसरतुल्ला आत गेला.

"हे काय चाललंय?"

"तुला सांगितलं असेल तेच. तू करत नाहीस, हे तुझ्या उभं राहण्यावरून दिसतंय."

"तुझ्या लेकीनं मला सहा आठवडे बंदी घातलीय. दुसऱ्या कुणालाच नाही."

सोलिजान गादीवर बसला. "दुसरं कोण तापलेल्या भोकात कमरेतून वाकून शिरतं? मला आठ आठवडे घातली होती, सख्ख्या बापाला. त्याआधी मी चार महिने झोपून काढले. आराम केला की बरं होतं म्हणे! पाय काड्यांसारखे झाले, संडासाला जाताना धाप लागायची. तिनं शिव्या घालून उठवलं. माझ्या बायकोचीही हिंमत नव्हती तेवढी."

"मग तंदूर कोण चालवत होतं?"

"जावई. पहिल्या आठवड्यात निम्मे नान राखेत. चालायचंच. चल, दाखवतो."

सोलिजाननं जुना तंदूर फोडून नवा बांधला होता. तोंड आता छातीच्या उंचीला, पुढं एक पाय टेकायला पायरी. नुसरतुल्लानं वितीनं उंची मोजली. विश्वास न बसून दुसऱ्या हाताच्या वितीनंही मोजली. मग नजर फळीवरच्या ठशाकडं गेली. त्यानं तो उचलला. मूठ घासून घासून बारीक झालेली, सुया तेरा, फुलासारख्या मांडलेल्या. त्याच्या स्वतःच्या ठशात सतरा सुया होत्या, चांदणीच्या आकारात.

"आजोबांचा आहे," सोलिजान म्हणाला.

नुसरतुल्लानं ठसा बराच वेळ उलटसुलट केला. "सुया बदलल्या असशील," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. सोलिजाननं हिरवा चहा ओतला आणि त्यानं तो प्यायला. अर्थात, आधी सोलिजानला त्याच किटलीतला एक घोट घेऊ दिल्यावरच.

त्या संध्याकाळपासून तो खोलीला आतून कडी घालू लागला. खोसियत दाराला कान लावायची. आतून हुंकार आणि मोजणी ऐकू यायची. सात, आठ, नऊ... आणि मग, "या खुदा, हे माणसाचं काम आहे का!"

तिसऱ्या आठवड्यात पोटरीतली कळ गुडघ्यापर्यंत आटली, पाचव्यात नाहीशी झाली. सकाळचा ताठरपणा राहिला, पण तो दहा पावलांत सुटायचा. दरम्यान त्यानं गवंडी आणून तंदूर फोडायला लावला आणि नवा छातीच्या उंचीला बांधून घेतला. गवंड्याला एक वीटही त्यानं आपल्याला न दाखवता लावू दिली नाही. अर्धं पोतं रिकामं केल्याशिवाय उचलायचं नाही, उचललं की अंगाशी धरायचं, हेही त्यानं अंगवळणी पाडलं. आपण कामावर परतल्यावरही थापायचं निम्मं काम तोलिबकडंच ठेवायचं त्यानं ठरवलं, आणि हे त्याला सगळ्यात जड गेलं. नव्या तंदुराच्या पहिल्या दिवशी तो बाजूला उभा राहून तोलिबचा प्रत्येक नान पडायची वाट बघत होता. नव्या उंचीची सवय नसल्यानं सहा पडले. सातवा चिकटला, तेव्हा त्यालाच हायसं वाटलं.

सहा आठवडे संपल्यावर तो मुअत्तरकडं गेला. "आता खरं सांग. फोटो का काढला नाहीस?"

ती हसली. "फोटोत झीज दिसली असती, काका. तुमच्या वयाच्या बहुतेकांच्या मणक्यांत दिसते, ज्यांचं कधीच दुखलं नाही त्यांच्यासुद्धा. तुम्ही ती बघितली असती आणि परत अंथरूण धरलं असतं. खोटं बोलतेय का?"

 जाताना त्यानं टेबलावर रुमालात गुंडाळलेले दोन नान ठेवले.

मार्चमध्ये कंबर पुन्हा एकदा धरली. खोसियत घाबरून रजया काढू लागली. "ठेव त्या," तो म्हणाला आणि काठी घेऊन पाटाच्या कडेनं चालायला गेला. पाच दिवसांत कळ ओसरली.

त्यानंतर एके सकाळी नान भाजून झाल्यावर त्यानं तोलिबला हाक मारली. "मी शिकवलेले व्यायाम करतोस ना रोज?"

"करतो, उस्ता."

"दाखव."

तोलिब पिठानं माखलेल्या फरशीवर ओणवा झाला आणि पाठ वर करायच्या ऐवजी मानच वर करू लागला. नुसरतुल्लानं थोडा वेळ बघितलं. मग एका हातानं परातीचा काठ धरत, एकेक गुडघा टेकत, तोही शेजारी खाली बसला. "माझ्याकडं बघ," तो म्हणाला. "अशी. आता मोठ्यानं मोज, मला ऐकू येऊ दे."