बंद दारावरची तामील

दुर्गाघाटाच्या गल्लीत तो माणूस मला एकदाच भेटला. कोर्टाचे समन्स पोचवणं हे त्याचं काम. खांद्याला पिशवी, हातात खळीचा डबा. थोरला भाऊ गेल्यावर वहिनींकडे राहिलेल्या दोन खोल्यांसाठी मी दावा लावला होता, आणि त्यांचं दार दाखवायला मीच सोबत गेलो होतो.

दाराला कुलूप होतं. तरी त्यानं तीनदा कडी वाजवली, दर वेळी वहिनींचं पूर्ण नाव घेऊन हाक मारली आणि कान देऊन थांबला.

"ताला दिख नहीं रहा?" मी म्हणालो.

"दिख रहा है, पंडितजी. पुकारना पड़ता है."

मग त्यानं विचारलं, त्या गेल्यात कुठे. वहिनी नागपूरला भावाकडे होत्या. पत्ता माझ्या खिशातल्या डायरीत होता. "मालूम नहीं," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग दाराला खळ लावून कागद चिकटवला, चारी कोपरे अंगठ्यानं हळू दाबले.

"हो गई तामील."

मी अर्थ विचारला.

"मतलब, अदालत मान लेगी कि उन्हें खबर है." डब्याचं झाकण लावत तो म्हणाला, "हम-आप जानते हैं, नहीं है."

निकाल एकतर्फी लागला. पुढे वहिनी आल्या, तेव्हा जुनी किल्ली नव्या कुलपात फिरवत राहिल्या. "भाऊजी, एक कार्ड टाकायचं होतंत," एवढंच बोलल्या.

आता त्या नाहीत. त्या खोल्यांत मी एकटा राहतो. बाहेरून आलो की कुलूप उघडण्याआधी तीनदा कडी वाजवतो. नाव मात्र तोंडातून निघत नाही.