धूर, शितं आणि द्वारकाबाई

द्वारकाबाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होताहेत, त्यानिमित्त गौरवग्रंथ निघतो आहे आणि त्यात मीही लिहावं, असं समितीनं कळवलं. पत्राच्या शेवटी एक सूचना होती, ‘लेख प्रसन्न असावा.’ मी प्रसन्न लिहून पाहिलं. दोन कागद फाडले, हा तिसरा. हा प्रसन्न नाही. कोणाला राग आला तर येऊ द्या, मला तर गेला महिनाभर येतोच आहे.

बाईंची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. कुरखेड्याच्या बाजूचं हे आमचं गाव. चौदा वर्षांपूर्वी मी इथं अंगणवाडी सेविका म्हणून नवीन लागले होते. वजनाचा दिवस होता. लेकरांच्या तक्त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग असतात. लाल म्हणजे लेकरू धोक्यात. आदल्या दिवशीच वरचे साहेब बजावून गेले होते की या महिन्यात लाल रंगात कोणी दिसायला नको. लेकरांना खाऊ घाला असं नव्हतं सांगितलं, फक्त दिसायला नको. मी नवी होते, नोकरीची गरज होती. दोन वर्षांची एक पोर आली, तिला मी स्वेटर, टोपरं आणि पायातल्या वाळ्यांसकट काट्याला टांगलं. वजन बरोबर पिवळ्या रंगात बसलं.

त्या पोरीला तिच्या आईऐवजी शेजारच्या द्वारकाबाई घेऊन आल्या होत्या, कारण आई भाताच्या रोवणीला गेलेली. डोक्यावरची मासोळीची टोपली खाली ठेवून त्या माझं काम बघत होत्या.

“कपडे काढ तिचे,” त्या म्हणाल्या.

“पाऊस आहे बाई, गारठेल ती.”

“गारठा मले बी समजते. काढ. वाळे बी काढ.”

काढले. काटा खाली आला आणि वजन लाल रंगात गेलं.

“आता लिव्ह.”

“मला वरून बोलणी बसतील.”

“तुले बोलतीन, तू आयकून घेजो. पोरगी मेली त मंग कोणाले बोलतीन? कागद हिरवा कराले बसली अन् पोरगी वाळून चालली. कोणाले फसवून राह्यली तू?”

मी लाल लिहिलं. बोलणी खाल्ली, पोटभर खाल्ली. पण पोर तालुक्याच्या दवाखान्यात भरती झाली, महिनाभरानं तिथून चालत आली. आज ती दहावीत आहे आणि मला बघितलं की तोंड लपवून हसते. त्या दिवसानंतर मी कोणत्याही लेकराचं वजन वाळ्यांसकट केलेलं नाही.

द्वारकाबाई शाळेत गेल्या नाहीत. त्यांचे यजमान गावच्या तलावावर मासेमारी करायचे आणि बाई टोपली डोक्यावर घेऊन आजूबाजूच्या गावांत मासोळी विकायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून मिरची तोडायला तेलंगणात जात, आता तिकडेच राहिलेत. बाई एकट्या असतात. ग्रंथातल्या इतर लेखांत त्यांना ‘अन्नपूर्णा’ म्हटलेलं असणार, याची मला खात्री आहे. हा शब्द बाईंना अजिबात आवडत नाही. “अन्नपूर्णा म्हटलं का लोक हात जोडून मोकळे होते,” त्या म्हणतात.

त्यांचं काम म्हणजे सकाळची फेरी. मासोळी विकायला निघाल्या की त्या सरळ रस्त्यानं जात नसत, गावातल्या एकूण एक गल्लीतून जात. नजर छपरांवर. कोणाच्या घरातून धूर निघतोय आणि कोणाच्या नाही, हे त्या बघायच्या. सलग दोन सकाळी ज्या घरातून धूर दिसला नाही, त्या घरात त्या तिसऱ्या सकाळी जात. आणि कशा जात ते नीट ऐका. शिजलेलं अन्न त्यांनी आयुष्यात कोणाच्या दारी नेलं नाही. झाकलेला गंज, म्हणजे भाताचं पातेलं, घेऊन बाई कुठे चालली हे अख्ख्या गावाला दिसतं. म्हणून तांदूळ टोपलीत जाळ्याखाली दडवायचा, त्या घरात जायचं, “जाळं फाटलं, जरा धरू लाग,” असं काहीतरी निमित्त काढायचं, आणि त्यांच्याच चुलीवर त्यांच्याच गंजात भात रांधायचा. स्वतःही तिथंच बसून दोन घास खायचे. धूर त्या घरातून निघायचा, म्हणजे गावाच्या लेखी त्या घरात चूल पेटलेली असायची. माणसाचं पोट भरलं आणि मान खाली गेली नाही. हे आमच्या कुठल्या योजनेला अजून जमलेलं नाही.

हा तांदूळ यायचा समाजमंदिरातल्या कणगीतून. धान निघालं की प्रत्येक घरानं आपापल्या ऐपतीप्रमाणे त्यात धान टाकायचं, ही रीत बाईंनीच बायकांना धरून बसवली. कणगी सगळ्यांची, किल्ली बाईंकडे. कोणाला दिलं हे त्या कोणालाच सांगत नाहीत. मध्यंतरी एका कंपनीचे लोक मदत घेऊन आले. गाडी, फलक, तांदळाच्या थैल्या, आणि उन्हात उभी केलेली आमची म्हातारी माणसं. थैली देताना प्रत्येकाचा फोटो. बाईंनी त्यांना विचारलं, “साहेब, तुमच्या घरी जेवतानी बी फोटो काढते का?” साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. मला अजून आठवतं की त्या दिवशी तीन म्हाताऱ्या रांगेतून निघून रिकाम्या हातानं घरी गेल्या. त्यांच्या घरी त्या आठवड्यात धूर बाईंनी काढला.

या जिल्ह्यात अन्न नाही म्हणून माणूस उपाशी राहतो, असं कोणी म्हणत असेल तर त्यानं इथं येऊन बघावं. दिवाळीनंतर भाताच्या गिरण्यांपुढे ट्रक उभे असतात, रस्त्याला जागा नसते. ज्या बाईनं कमरेत वाकून रोवणी केली, कापणी केली, तिच्याच घरी श्रावणात डब्यात हात घातला की तळ लागतो. ह्याला टंचाई म्हणत नाहीत. ह्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण ग्रंथात छापता येणार नाही.

मग गावात सरकारी गॅस आला. चांगलीच गोष्ट होती, डोळ्यांचं पाणी थांबलं. पण धूर कमी झाला, आणि इथं बाईंची चूक झाली. ती त्यांनी कधी लपवली नाही, म्हणून मीही लिहिते. तलावाच्या काठाला सखूबाई नावाची म्हातारी एकटी राहते. तिच्या घरातून धूर दिसेना. दाराशी लाल सिलेंडर दिसत होतं. बाई समजल्या, गॅसवर रांधत असेल. चौथ्या दिवशी मासोळी द्यायला म्हणून दार लोटलं तर सखूबाई चटईवर पडलेली, डोळे उघडे, तोंडातून शब्द निघत नव्हता. सिलेंडर कित्येक महिन्यांपासून रिकामं होतं. डब्यातही काही नव्हतं. राशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं होतं आणि सखूबाईचा अंगठा त्यावर उमटत नव्हता, म्हणून दोन महिने तिला दुकानातून परत पाठवलं होतं.

मी धावत गेले तेव्हा बाई चमच्यानं पेज पाजत होत्या. पहिला घोट घशाखाली उतरायला फार वेळ लागला. नंतर बाई बाहेर ओट्यावर येऊन बसल्या. “इतके वर्सं धूर पाह्यला,” त्या म्हणाल्या. “धूर पाहू पाहू माणूस पाहाचं राह्यलं.”

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्याच फेरीला निघाल्या, पण छपराकडे बघेनात. मला म्हणाल्या, “चाल संगं.” बायका जेवणानंतर अंगणात भांडी घासतात, त्या जागेकडे बोट दाखवलं. ज्या घरी भात रांधला त्या घरच्या गंजाला शितं चिकटलेली असतात, आणि गल्लीतल्या कोंबड्या तिथं जमतात. ज्या घरी भात नाही तिथं कोंबडी फिरकत नाही. गॅस असो की चूल, पाऊस असो की ऊन, कोंबडी कुठल्याही तक्त्यासाठी खोटं सांगत नाही. तेव्हापासून आम्ही दोघी कोंबड्या बघत फिरतो. लोक हसतात. हसू द्या.

सखूबाई बसती झाल्यावर बाईंनी तिला बैलबंडीत घालून राशन दुकानात नेलं. अंगठा ठेवला, मशीननं नाकारला. धुऊन ठेवला, पुसून ठेवला, तरी नाहीच.

“मी काय करू बाई,” दुकानदार म्हणाला, “मशीनच घेत नाही.”

“तांदूळ मशीनले खाचा हाय का सखूले?” बाईंनी विचारलं. मग सखूबाईचा हात उचलून रांगेला दाखवला. “हा अंगठा काऊन घासला? तेंदूच्या पानाचे पुडे बांधू बांधू, धान रोवू रोवू. ज्या हातानं तांदूळ पिकवला त्याच हाताले तांदूळ नाई. सखूचा तांदूळ पहिले. मंग आमचे अंगठे.”

आणि त्या दुकानापुढे मातीतच बसल्या. मागची बाई बसली, तिच्या मागची बसली. एकीनंही त्या मशीनवर अंगठा ठेवला नाही. दुपार कलली तेव्हा तालुक्याहून एक अधिकारी आले आणि सहज सांगून टाकलं की ज्यांचा अंगठा येत नाही त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे, आधीपासूनच आहे. आधीपासून! म्हणजे सखूबाई चटईवर पडली होती तेव्हाही ती सोय कुठल्यातरी कागदावर छान झोपली होती. त्या दिवशी सखूबाईला तांदूळ मिळाला. पुढे दुकानदार बदलला, मशीन बदललं, आणि ती सोय पुन्हा कोणाच्या लक्षात राहिली नाही.

आता गेल्या महिन्याची गोष्ट सांगते, ज्यामुळे माझे दोन कागद फाटले. गौरव समितीच्या बैठका जोरात होत्या. मंडप कुठे, पाहुणे कोण, शाल कोणत्या रंगाची. मीही त्या बैठकांना जात होते आणि त्या नादात तीन आठवडे सकाळची फेरी केली नव्हती. बाईंचे गुडघे दुखतात, त्यांच्याच्यानं आता रोज होत नाही. मुखपृष्ठासाठी बाईंचा फोटो हवा, म्हणून समितीनं मला त्यांच्या घरी पाठवलं. भांडी घासायची वेळ होती. गल्लीतल्या झाडून सगळ्या कोंबड्या शेजारच्या अंगणात होत्या. बाईंच्या अंगणात एकही नव्हती.

मी फोटोचं विसरले. आत गेले, डबा उघडला. तळाला मूठभर कणी होती. चुलीवर रानातल्या तरोट्याची भाजी नुसती पाण्यात उकडलेली.

“बाई, राशन?”

“अंगठा येऊन नाई राह्यला माहा. तीन महिने झाले.”

“आणि कणगी? किल्ली तर तुमच्याचकडे आहे.”

“ते लोकायची हाय. माह्या हातात किल्ली हाय म्हणून मीच काढून खाऊ काय?”

“मग मला का नाही सांगितलं?” मी ओरडलेच. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईंवर ओरडले, तेही लिहून ठेवते.

बाई शांतपणे म्हणाल्या, “कोणाले सांगू वं? तुमी सगळे माह्या गौरवात लागले होते.”

मी घरून तांदूळ आणला, पदराखाली दडवून. त्यांच्या चुलीवर, त्यांच्या गंजात रांधला आणि ताट वाढून त्यांच्यासमोर बसून स्वतः जेवले, कारण मी जेवल्याशिवाय त्यांनी घास घेतला नसता. हे त्यांनीच शिकवलेलं. त्यानंतर रोज जाते.

दुकानदाराला भेटले, त्या सोयीची आठवण करून दिली. तो म्हणतो, पुढच्या वाटपाला या, बघू. पुढचं वाटप नेमकं समारंभाच्याच दिवशी सुरू होतं आहे. हा लेख समितीच्या हाती आधी पडेल, म्हणून गावच्या बायकांचा निरोप इथंच लिहिते. समारंभ अकराला आहे, दुकान नऊला उघडतं. आम्ही सगळ्या नऊला दुकानापुढे बसलेल्या असू. द्वारकाबाईंचा तांदूळ पहिले, मग आमचे अंगठे. तांदूळ अकराच्या आत मिळाला तर मंडपात येऊ. नाही मिळाला तर पाहुण्यांना, शालीला आणि नारळाला घेऊन तुम्हीच दुकानापुढे या. सतरंजी आणू नका, आम्ही मातीत बसतो.

द्वारकाबाई, तुमच्याकडून मी बघायला शिकले आणि तुमच्याच घराकडे बघायचं चुकले, त्याची माफी या छापील पानावर मागते. तुम्ही शंभरी गाठावी, गुडघ्यांनी तुम्हांला साथ द्यावी, आणि तोवर रोज सकाळी तुमच्या अंगणात शितांवरून कोंबड्यांची भांडणं होत राहावीत.